शनिवारची संध्याकाळ

मैत्रीत हिशेब नसतो, असं आपण म्हणतो. मीही म्हणायचो. पुण्यात नोकरीला लागल्यावर आम्ही चौघांनी मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतला. पहिल्याच रात्री रिकाम्या हॉलमध्ये वर्तमानपत्रावर वडापाव खाताना हे वाक्य आम्ही एकमेकांना ऐकवलं होतं. तरी महिनाभरात फ्रिजवर एक वही आलीच. दूध, गॅस, लाइट बिल, कामाच्या मावशींचा पगार. वही चोख होती, तीन वर्षांत एका रुपयाचाही घोळ झाला नाही. आणि तीन वर्षांनी आमच्यातले दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यातला एक मी.

कारण पैशाचं नव्हतं. सांगण्यासारखं कारण नव्हतंच. रात्री उशिरा फोनवर मोठ्याने बोलणं, खरकटी भांडी तशीच सिंकमध्ये टाकून झोपणं, तापाने पडल्यावर कुणी विचारलं आणि कुणी नाही, अशा शंभर बारीकसारीक गोष्टी होत्या. प्रत्येक वेळी 'जाऊ दे' म्हणून सोडून दिलेल्या. सोडून दिलेली गोष्ट कुठेही जात नाही, घरातच एखाद्या कोपऱ्यात बसून राहते, हे तेव्हा कळलं नाही.

हे सगळं पुन्हा आठवलं ते एका जुन्या नियमामुळे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी बंगालमध्ये एका घरात काही इंग्रज मिशनरी कुटुंबं एकत्र राहायला लागली. त्यांनी घर चालवण्याचे काही नियम ठरवले. त्यातला एक नियम असा, की शनिवारची संध्याकाळ आपसांतले मतभेद मिटवण्यासाठी आणि एकमेकांवर प्रेम करण्याचं वचन पुन्हा देण्यासाठी राखून ठेवायची. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. भांडण झालं असो वा नसो.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. प्रेमाला वेळापत्रक? मग वाटलं, आमच्याकडे हिशेबाची वही होती, पण शनिवार नव्हता.

*

हे घर श्रीरामपूरचं. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावरचं. तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, धर्माच्या भानगडीत व्यापार बिघडेल अशी तिला धास्ती होती. म्हणून 1799 च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून आलेली बाप्टिस्ट मिशनऱ्यांची तुकडी कंपनीच्या हद्दीत न थांबता या डॅनिश गावात उतरली. विल्यम केरी सहा वर्षं आधीच आलेला होता आणि उत्तर बंगालमध्ये निळीच्या कारखान्यावर काम करत होता. 10 जानेवारी 1800 या दिवशी तो बायकोमुलांसह त्यांना येऊन मिळाला.

पुढे ज्या तिघांची नावं कायम एका दमात घेतली गेली ते केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड. तिघं तीन तऱ्हांचे. केरी मूळचा जोडे शिवणारा, अडतिशीचा, भाषा आणि झाडं यांचं वेड असलेला, स्वभावाने इतका मऊ की स्वतःच्या मुलांनाही रागावता येत नसे. मार्शमन विणकराचा मुलगा, शाळामास्तर, चिवट आणि करारी. वॉर्ड छापखान्यात वाढलेला, वर्तमानपत्राचा संपादक राहिलेला, तिघांत माणसं सांभाळण्याची सर्वांत जास्त हातोटी असलेला. वॉर्डची आणि केरीची इंग्लंडमध्ये एक ओझरती भेट झाली होती. मार्शमनला केरी ओळखतही नव्हता.

नातेवाईक नशिबाने मिळतात, मित्र आपण निवडतो, असं आपल्याकडे नेहमी म्हटलं जातं. या तिघांनी एकमेकांना निवडलं नव्हतं. त्यांनी काम निवडलं होतं, आणि कामासोबत ही माणसं आली होती. कंपनीत शेजारच्या टेबलावर कोण येईल हे जसं आपल्या हातात नसतं तसंच. फरक इतकाच, की संध्याकाळी सहा वाजता यांना आपापल्या घरी जायची सोय नव्हती.

शिवाय जागा परकी, हवा परकी, आणि मरण सारखं दाराशी. तुकडीतला एकजण तर उतरल्यावर काही आठवड्यांतच गेला. 1801 चा ऑक्टोबर सरेपर्यंत या मंडळींतले चार पुरुष मरण पावले होते. घरात उरल्या विधवा, मुलं आणि हे तिघं.

*

नियम साधे होते. जेवण एकत्र, एकाच टेबलावर. घरखर्चाची जबाबदारी एका महिन्याला एकाकडे, पुढच्या महिन्याला दुसऱ्याकडे. तिजोरी आणि औषधाची पेटी केरीकडे, पुस्तकं दुसऱ्या एकाकडे. उपदेश आणि प्रार्थना पाळीपाळीने. अशा सामाईक घराची कल्पना त्यांनी मोरावियन पंथाच्या मिशनऱ्यांकडून घेतली होती.

सगळ्यांत कठीण नियम पैशाचा होता. कुणीही स्वतःसाठी कमवायचं नाही, जे येईल ते सामाईक पेटीत. सुरुवातीला हा नियम सोपा होता, कारण पेटीत काही नव्हतंच. पण लवकरच परिस्थिती बदलली. मार्शमन आणि त्याची बायको हॅना यांनी सुरू केलेल्या निवासी शाळा चालायला लागल्या. वॉर्डच्या छापखान्याला कामं मिळू लागली. 1801 मध्ये केरीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली, पगार दरमहा 500 रुपये, पुढे तो बराच वाढला. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. ती सगळी पेटीत गेली. प्रत्येक कुटुंबाला हातखर्चापुरते थोडे रुपये मिळत. केरीला थोडे जास्त, कारण कॉलेजात आणि सरकारदरबारी नीट कपडे घालून जावं लागे. म्हणजे समता होती, पण आंधळी नव्हती. कुणाला कशाची गरज आहे हे बघून ठरवलेली होती.

1805 च्या ऑक्टोबरात त्यांनी हे सगळं अकरा कलमांच्या करारनाम्यात लिहून काढलं आणि दरवर्षी तीनदा तो सर्वांसमोर वाचायचा असं ठरवलं.

या घरातून जे काम निघालं त्याची यादी मोठी आहे. मराठी वाचकाचाही त्या घराशी जुना संबंध आहे. 1805 मध्ये केरीचं मराठीचं व्याकरण आलं आणि 1810 मध्ये मोडी लिपीतला मराठी–इंग्रजी कोश. पण मला इथे त्या कामाबद्दल बोलायचं नाही. ते काम करणारी माणसं जवळजवळ तेवीस वर्षं एका पेटीवर, एका टेबलावर कशी टिकली, हा माझा प्रश्न आहे.

*

ॲरिस्टॉटलने मैत्रीबद्दल लिहिताना एका जुन्या म्हणीचा आधार घेतला आहे. दोन माणसांनी एकत्र बसून पुरेसं मीठ संपवल्याशिवाय त्यांना एकमेकांची ओळख होत नाही, असा तिचा आशय. म्हणजे मैत्रीला लागतो तो वेळ, आणि तोही जेवणाच्या ताटावरचा. आपल्या भाषेतही मीठ आहे, पण जरा वेगळ्या अर्थाने. आपण कुणाच्या तरी मिठाला जागतो. त्यात एक देणारा असतो आणि एक खाणारा. ॲरिस्टॉटलच्या मिठात दोघंही खाणारे आहेत. हा फरक पुढे कामी येणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

पण नुसतं मीठ संपवून भागत नाही. चौघांनी तीन वर्षं एकत्र जेवून आम्ही बरंच मीठ संपवलं होतं. उलट रोज एकत्र राहण्यानेच माणूस नकोसा होतो, हा अनुभवही खोटा नाही. भांड्याला भांडं लागतंच. प्रश्न आवाज होण्याचा नाही, त्या आवाजाचं पुढे काय करायचं याचा आहे.

आपल्याकडे त्याची दोनच उत्तरं ठरलेली आहेत. एक म्हणजे मोठ्या मनाने सोडून द्यायचं. दुसरं, सहन होईनासं झालं की एकदाच काय ते बोलून टाकायचं, म्हणजे तोडायचं. पहिल्या उत्तरात तक्रार करणारा माणूस हलका ठरतो. भांडी घासली नाहीत म्हणून मित्राला बोलायचं? इतकं मन छोटं? मग तो बोलत नाही. आणि दुसऱ्या उत्तरापर्यंत पोचतो तेव्हा भांड्यांबद्दल बोलायचं राहिलेलंच नसतं, बोलणं थेट माणसाच्या स्वभावावर, घराण्यावर जातं.

शनिवारची संध्याकाळ या दोन्हींच्या मधली वाट आहे. त्या वेळी बोलणं हे कर्तव्य आहे, म्हणून बोलणारा हलका ठरत नाही. क्षुल्लक गोष्ट क्षुल्लक असतानाच सांगता येते. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, की हा माझ्यावर चालून आलेला नाही, आज शनिवार आहे. आणि शनिवार ठरलेला असल्यामुळे उरलेले सहा दिवस मनात घोळवत बसण्याची गरज नसते.

ही युक्ती फक्त त्या इंग्रजांना सुचली असं मानायचं कारण नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत चालणाऱ्यांना समाजआरतीची पद्धत माहीत असते. मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकून घेतली जाते, तिची तड लागते आणि मग आरती होते. एरवी 'माउली, माउली' म्हणत एकमेकांच्या पायाला हात लावणारी ही माणसं. प्रेमाची वाण नाही, तरी तक्रारीसाठी रोजची एक वेळ राखलेली आहे. ती वेळ आहे म्हणूनच कदाचित इतकी माणसं इतके दिवस एकत्र चालू शकतात.

नियमाने बांधलेली मैत्री ती मैत्रीच नव्हे, असा आक्षेप घेता येईल. जी मनातून येत नाही, करारनाम्यातून येते, तिला सहकार्य म्हणा, शिस्त म्हणा. मला हा आक्षेप पूर्वी बिनतोड वाटायचा. आता वाटतं, त्यात मैत्री सुरू होण्याची आणि मैत्री टिकण्याची गल्लत आहे. सुरू व्हायला मन लागतं हे खरं. पण मन दर मंगळवारी हजर असेलच असं नाही. ते थकतं, आजारी पडतं, गावाला पत्र आलं की उदास होतं. अशा दिवशी घर सांभाळायला नियम लागतो. वॉर्ड, मार्शमन आणि केरी यांना एकमेकांबद्दल रोज जिव्हाळा वाटत असेल असं मी धरून चालत नाही. जिव्हाळा वाटत नसलेल्या दिवशीही त्यांचं टेबल मांडलेलं असे, इतकंच मला दिसतं.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे ढीग, खिळे, अनेक भाषांतली हस्तलिखितं गेली. केरीने वर्षानुवर्षं खपून जमवलेला भारतीय भाषांच्या मोठ्या कोशाचा मसुदाही त्यात होता. केरी त्या दिवशी कॉलेजच्या कामासाठी कलकत्त्याला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन स्वतः निघाला आणि त्याच्याकडे गेला. चिठ्ठी पाठवता आली असती, माणूस धाडता आला असता. पण मित्राच्या आयुष्याचं काम जळालं हे त्याला कुणी तिऱ्हाइताने सांगू नये, असं मार्शमनला वाटलं असणार. हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नव्हतं. बारा वर्षांच्या शनिवारांनी जे घडवलं ते असं नियमाबाहेरच्या दिवशी दिसतं.

*

इथे लेख संपवता आला असता. पण त्या घरात एक बंद खोली होती, आणि तिच्याबद्दल न बोलता या मैत्रीचं कौतुक करणं बरं दिसत नाही.

केरीची बायको डॉरथी. 1793 मध्ये केरी निघाला तेव्हा तिला यायचं नव्हतं. मुलं लहान, एक तान्हं. शेवटी तिची बहीण कॅथरीन सोबत येते म्हणाली तेव्हा ती तयार झाली. इथे आल्यावर बहिणीने लग्न केलं आणि ती निघून गेली. 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर आजारपणात गेला. त्यानंतर डॉरथीचं मन ढासळलं ते सावरलं नाही. नवऱ्यावर संशय, आरडाओरडा, कधी अंगावर धावून जाणं. श्रीरामपूरला आल्यावर तिला बराच काळ खोलीत ठेवावं लागे. 8 डिसेंबर 1807 रोजी ती गेली.

28 डिसेंबर 1800 हा त्या घराचा सर्वांत मोठा दिवस. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा त्या दिवशी हुगळीत बाप्तिस्मा झाला. सात वर्षांतला पहिला. डॉक्टर असलेला केरीचा जुना सोबती जॉन थॉमस या आनंदानेच भ्रमिष्ट झाला होता आणि त्याला एका जागी अडकवून ठेवलं होतं. मार्शमनच्या मुलाने पुढे या तिघांचं चरित्र लिहिलं, त्यात त्या दिवसाचं वर्णन आहे. वाटेच्या एका बाजूने थॉमसचा आरडाओरडा, दुसऱ्या बाजूने खोलीत कोंडलेल्या डॉरथीच्या किंकाळ्या, आणि मधून नदीकडे चाललेली मंडळी.

त्या काळी वेडावर दुसरा उपाय नव्हता, हे मान्य. केरीने तिला वेड्यांच्या कोठडीत टाकलं नाही, घरात ठेवलं, हेही खरं. केरीच्या उंडारणाऱ्या मुलांना वळण लावलं ते हॅना मार्शमनने आणि वॉर्डने. सामाईक घर नसतं तर त्या मुलांचं काय झालं असतं, सांगता येत नाही. मैत्रीने इथे बापाची उणीव भरून काढली.

तरीही शनिवारच्या संध्याकाळी डॉरथीची तक्रार कोण मांडणार होतं? या सगळ्या प्रवासाविरुद्धच तिची तक्रार होती. जो नियम आतल्या लोकांच्या कुरबुरी ऐकतो, तो 'मला इथे यायचंच नव्हतं' हे कसं ऐकेल? 1805 च्या करारनाम्यावर नऊ सह्या आहेत, नऊही पुरुषांच्या. ज्या हॅनाच्या शाळेने पेटी भरली आणि जिने घर ओढलं, तिचीही त्यावर सही नाही.

*

आता टेबलाकडे पुन्हा येऊ. बाप्तिस्म्याच्या आठवडाभर आधी, 22 डिसेंबरला, कृष्ण पाल आणि गोकुळ नावाचा त्याचा सोबती मिशनऱ्यांसोबत टेबलाशी बसून जेवले. आज हे वाचताना काही वाटणार नाही. पण त्या जेवणाने दोघांची जात गेली. बातमी पसरली, मोठा जमाव जमला, दोघांना ओढत डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेलं गेलं. त्याने त्यांना सोडून दिलं. पाण्यात उतरण्याच्या आधीच सुताराने सगळ्यांत मोठी किंमत मोजली होती ती जेवणात. समोरच्या इंग्रजांना त्या जेवणासाठी काही गमवावं लागलं नाही. एकाच ताटावरचं मीठ, पण एकाला ते फुकट आणि दुसऱ्याला अख्ख्या गोताच्या मोलाचं.

पुढे कलकत्त्याच्या कॉलेजात केरी वैजनाथ शर्मा या मराठी पंडिताबरोबर काम करत होता. केरीची मराठी वैजनाथाच्या जिभेवरून आली, आणि व्याकरण लिहिताना केरीने त्याचं ऋण मानलं आहे. एकाच शब्दावर दोघांनी शेजारी बसून डोकं चालवायचं, याहून जवळचा सहवास कुठला? पण पगारपत्रकावर एक साहेब होता आणि दुसरा पंडित. जेवणाची वेळ झाली की दोघं दोन दिशांना जाणार. हे दार एकट्या इंग्रजांनी लावलेलं नव्हतं. आतून आपल्या जातीनेही कडी घातलेली होती.

असं असलं तरी एक गोष्ट उरतेच. कृष्ण पाल टेबलापाशी आला, पुढे उपदेशकही झाला, पण घराचे नियम करणाऱ्यांत तो नव्हता. जेवायला बोलावणं एक, आणि तक्रार मांडायला बोलावणं दुसरं. पाहुण्याला आपण पहिलं करतो, दुसरं करत नाही. तो मित्र आहे की नाही, हे दुसऱ्यावरून कळतं.

या गोष्टीला तोंड फुटायला शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. 1910 च्या जूनमध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद भरली. बाराशेच्या वर प्रतिनिधी, त्यात आशियातल्या मंडळ्यांचे जेमतेम वीसभर. तिरुनेलवेलीकडचा वेदनायगम सॅम्युएल अझरय्या त्यात होता. दोन वर्षांनी तो अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप झाला. युरोपीय मिशनरी आणि देशी सहकारी यांच्या संबंधांवर त्याला बोलायचं होतं. त्याची तक्रार छळाची नव्हती, अंतराची होती. तुम्ही आमच्या भुकेल्यांना खाऊ घातलंत, देह झिजवलेत, त्याबद्दल येणाऱ्या पिढ्या तुमचे आभार मानतील, असं म्हणून शेवटी त्याने मागितलं ते एवढंच, की आम्हांला मित्र द्या. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं.

मला त्या मागणीतलं धाडस फार उशिरा कळलं. मदत मागणं सोपं असतं, त्यात देणाऱ्याचा मोठेपणा शाबूत राहतो. मैत्री मागणं म्हणजे 'तुझ्या मिठाला जागण्याचा मला कंटाळा आलाय, आता दोघं मिळून मीठ खाऊ' असं सांगणं. वर नोंदवून ठेवलेला फरक तो हाच. उपकाराच्या नात्यात शनिवार नसतो. उपकार करणाऱ्यापुढे कुणी भांड्यांची तक्रार करत नाही.

सेवेसाठी परदेशी जाणारी माणसं आजही आहेत, धर्मासाठी जाणारी आणि धर्माशिवाय जाणारीही. आपल्या मेळघाटात, गडचिरोलीत सुट्टीतल्या शिबिराला जाणारी शहरी मुलंही त्यातलीच. परत आल्यावर ती भरभरून सांगतात ते बहुधा एकमेकांबद्दल असतं. आम्ही एकत्र राहिलो, एका खोलीत दहाजण झोपलो, खिचडी करपली, किती हसलो. ही मैत्री खोटी नसते. पण ज्यांच्या गावात ती झाली ते त्या गोष्टीत 'तिथले लोक' म्हणून येतात, नावाने क्वचितच. श्रीरामपूरची गोष्ट सांगताना मीही तीन इंग्रजांपासूनच सुरुवात केली, हे लिहिताना लक्षात आलं.

*

त्या घराची आणखी एक मर्यादा त्यांच्या हयातीतच उघडी पडली. 1814 पासून इंग्लंडहून तरुण मिशनरी येऊ लागले. केरीचा सख्खा पुतण्या यूस्टेसही त्यात होता. त्यांना हे घर जाचायला लागलं. वडीलधाऱ्यांचा, त्यातही मार्शमनचा, कारभार त्यांना हुकूमशाहीचा वाटला. काहींनी कलकत्त्याला वेगळी चूल मांडली. मालमत्ता कुणाच्या नावाची, यावरून लंडनच्या समितीशी वाद पेटला आणि 1827 मध्ये श्रीरामपूर त्या संस्थेपासून वेगळं झालं. एकेका रुपयाचा त्याग करणाऱ्या माणसांवर पैशाचेच आरोप झाले.

यात चूक कुणाची, यावर पुस्तकं आहेत. मला दिसतं ते एवढंच, की तिघांनी आपला नियम स्वतः घडवला होता आणि तरुणांना तो तयार मिळाला होता. सासूने सुनेच्या हातात दिलेल्या रीतीसारखा. मैत्रीचा नियम वारसाहक्काने देता येत नाही. प्रत्येक घराला तो नव्याने, एकत्र बसून ठरवावा लागतो, नाहीतर तो नुसता हुकूम उरतो.

केरी मात्र या सगळ्या वादात मार्शमनच्या बाजूने उभा राहिला. मार्शमनचे दोष त्याला ठाऊक नव्हते असं नाही, सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक असणार. पण ते त्याने चौथाईभर शतक समोरासमोर ऐकले-ऐकवले होते. ज्याच्याशी इतके शनिवार काढले त्याच्याबद्दल त्याला लंडनच्या पत्रातून काही नवीन कळण्यासारखं नव्हतं.

वॉर्ड 1823 मध्ये कॉलऱ्याने गेला. केरी 1834 मध्ये. शेवटच्या आजारपणात केरीला काळजी होती ती त्याच्या बागेची. देशोदेशींची झाडं त्याने तिथे लावली होती. मार्शमनला झाडांचं काडीचं प्रेम नाही, हे त्याला पक्कं माहीत. तो म्हणाला, मी गेलो की मार्शमन माझ्या बागेत गुरं सोडणार. मार्शमनने उत्तर दिलं, की मला तुझ्यासारखी आवड नसली, तरी तुझा जीव जिच्यात होता ती बाग राखणं मी माझं पवित्र कर्तव्य मानीन.

मला या संवादात तो नियम शेवटचा दिसतो. एकाने तक्रार केली, चेष्टेत का होईना, पण तोंडावर. दुसऱ्याने ती खोडून काढली नाही. मला आवड नाही हे कबूल केलं आणि तरीही वचन दिलं. आवडत नसलेल्या गोष्टीची, ती मित्राची आहे म्हणून, राखण करणं, याहून मैत्रीची मोठी व्याख्या मला सापडलेली नाही. तीन वर्षांनी मार्शमनही गेला. तिघांच्या कबरी श्रीरामपूरच्या एकाच दफनभूमीत आहेत.

आमच्या फ्लॅटची वही अजून माझ्याकडे आहे. मध्यंतरी घर बदलताना सापडली. शेवटच्या पानावर गॅसचे पैसे चौघांत नीट वाटलेले आहेत, खाली त्याच्या अक्षरात बेरीज, आणि बेरजेखाली दोन रेघा. हिशेब पूर्ण. बोलायचं तेवढं राहून गेलं. त्याचा नंबर आहे माझ्याकडे. या शनिवारी फोन करावा, असं गेले दोन महिने दर शुक्रवारी ठरवतो आहे.